कॅमेरा घ्यायचा, पण कोणता?

(नाशिकरोड येथे युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातले शब्द तसेच ठेवले आहेत.)



कविता, कार्यकर्ता, संघटना यावर बोलायला बरीच माणसं येतात. मला बोलायला सांगितलंय कॅमेऱ्यावर. कुणाला वाटेल, हा काय विषय झाला? हौशी लोकांचा धंदा! पण हौशी लोकांच्या कॅमेऱ्याला वर्गणी लागत नाही. आपल्या कॅमेऱ्याला लागली. सत्तर हजार रुपये जमलेत. त्यात सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगाराचा दिवसाचा पगार आहे, मंडईतल्या हमालाच्या शंभरच्या दोन नोटा आहेत, धुणीभांडी करणाऱ्या बायांनी भिशीतून काढून दिलेले पैसे आहेत. हे पैसे एकदाच जमतात. म्हणून निवड चुकली तर पुन्हा घेऊ, ही भाषा इथं चालणार नाही.

आणि आपल्यात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, मिररलेस घ्या, लेन्स बदलता येते, तोच खरा कॅमेरा. दुसरा तट म्हणतो, मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट घ्या, खिशात मावतो, मोर्च्यात पळता येतं, पोलिसाच्या डोळ्यात भरत नाही. मागच्या बैठकीत यावरून दीड तास भांडण झालं. भांडा, पण माहितीवर भांडा. निम्म्या लोकांचं ज्ञान रील्सवरचं होतं. रील्सवाल्याला कॅमेरा फुकट मिळालेला असतो, हे ध्यानात ठेवा.

कॅमेरा आपल्या माणसाकडं पहिल्यांदा वळला तो कशासाठी, ते आधी बघू. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. जातीजमातींचे फोटो, खाली जातीचं नाव आणि स्वभावाचं वर्णन. गुरांच्या बाजारात दात बघून नोंद करावी, तशी नोंद. फोटोतल्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. पुढं शंभर वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत तेच. काळ्या माणसाने खिशात पासबुक बाळगायचं, त्यात फोटो पाहिजे, आणि तो झटपट काढायला पोलरॉइड कंपनीची आयडी-२ नावाची यंत्रणा. अमेरिकेत त्याच कंपनीत काम करणाऱ्या दोन काळ्या कामगारांनी, केन विल्यम्स आणि कॅरोलिन हंटर यांनी, १९७० साली हे चव्हाट्यावर आणलं. आमच्या हातचा कॅमेरा आमच्याच माणसाच्या गळ्यात पट्टा बांधतो, असं म्हणून त्यांनी बहिष्काराची हाक दिली. हंटरबाईंना कंपनीने कामावरून काढलं. पण १९७७ साली कंपनीला दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावं लागलं.

आता म्हणाल, हे जुनं झालं. जुनं नाही. रंगीत फिल्मच्या जमान्यात प्रयोगशाळेत रंग जुळवायला एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड वापरत, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा चेहरा नीट आला की रंग बरोबर! आज फिल्म नाही, कार्ड नाही, पण आपल्या खिशातल्या मोबाईलचा 'ब्यूटी मोड' काय करतो? आपल्या आजीच्या सुरकुत्या पुसतो आणि तिला दोन छटा उजळ करतो. आजीनं सत्तर वर्षं उन्हात कमावलेला चेहरा दोन सेकंदांत गायब. म्हणून 'मोबाईल आहे की, कॅमेरा कशाला' या प्रश्नाला माझं एक उत्तर इथंच आहे. दुसरं पुढं देतो.

आपण नाशिकचे. कॅमेऱ्याचा विषय निघाला की नाशिककर छाती काढून सांगतो, दादासाहेब फाळके आमचे. खरं आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्म, १९४४ साली नाशिकला मृत्यू, आणि मधल्या काळात हिंदुस्थानच्या सिनेमाचा धंदा याच गावात थाटला. पण फाळक्यांकडून शिकायचं ते वेगळंच. त्यांनाही आपल्यासारखाच प्रश्न पडला होता, पैसे थोडे आणि यंत्र महाग. १९१२ साली ते लंडनला गेले, तिथं धंद्यातल्या माणसांना भेटून विचारलं आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती. परत येऊन लगेच 'राजा हरिश्चंद्र' नाही केला. आधी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचं रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं टिपून छोटा चित्रपट केला. तो पैसेवाल्यांना दाखवला, मग भांडवल उभं राहिलं. आपल्यातले काही मित्र कॅमेरा यायच्या आधीच डॉक्युमेंटरीच्या महोत्सवाची तारीख विचारतात, त्यांनी हा वाटाणा लक्षात ठेवावा. आणि जाता जाता एक गोष्ट. हरिश्चंद्राच्या कथेत डोंब आहे. राजा त्याच्या घरी चाकरी करतो, म्हणून ती कथा. पण डोंबाच्या पोराच्या हातात कॅमेरा यायला किती वर्षं लागली, ते तुम्ही मोजा.

आता यंत्राकडं वळू. मिररलेस म्हणजे काय? जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला उजेड आरशावर पडून वरच्या भोकात दिसायचा. आरसा काढून टाकला, उजेड थेट सेन्सरवर पडू दिला, चित्र पडद्यावर बघितलं, झाला मिररलेस. २००८ साली पॅनासोनिकने जी१ काढला, तिथून ही जात सुरू झाली. (जात हा शब्द तोंडात आला, असू द्या.) लेन्स मात्र बदलती राहिली. कॉम्पॅक्टमध्येही आरसा नाहीच, पण लेन्स कायमची जोडलेली. पूर्वी कॉम्पॅक्टचा सेन्सर नखाएवढा असायचा. २०१२ साली सोनीने आरएक्स१०० काढून खिशातल्या कॅमेऱ्यात 'एक इंची' सेन्सर घातला. फुजीचा एक्स१०० आणि रिकोचा जीआर यांत तर एपीएस-सी मापाचा, म्हणजे बहुतेक मिररलेसमध्ये असतो तेवढाच सेन्सर असतो.

हा 'एक इंच' म्हणजे फसवणुकीचा नमुना आहे. मोजपट्टी लावली तर तो सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, कर्णसुद्धा १६ मिलिमीटरच्या आसपास. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यात काचेची नळी असायची, तिच्या बाहेरच्या मापावरून हे नाव चिकटलं ते चिकटलं. नळी गेली, इंच राहिला. क्षेत्रफळ काढा, ११६ चौरस मिलिमीटर. कॅननच्या एपीएस-सीचं ३३२, सोनी-निकॉनच्याचं ३६७, आणि फुल फ्रेमचं ८६४. म्हणजे एक इंचीच्या जवळजवळ तिप्पट एपीएस-सी.

हे आकडे ऐकले की मिररलेसवाले टाळ्या वाजवतात. थांबा! इथंच गोम आहे. आपल्या वस्तीतल्या नळाचा विचार करा. हंडा केवढा, हे महत्त्वाचं आहेच, पण तोटी केवढी, हेही बघावं लागतं. सेन्सर हा हंडा आणि लेन्सचं भोक ही तोटी. भोकाचा आकडा 'एफ' ने सांगतात आणि तो जितका लहान तितकं भोक मोठं. कॅननचा आर५० हा २०२३ सालचा मिररलेस घ्या. त्याच्याबरोबर दुकानदार जी १८-४५ ची किट लेन्स देतो, तिचं भोक एफ ४.५ पासून सुरू होऊन ६.३ वर जातं. तोटी बारीक. उलट कॅननचाच जी७एक्स मार्क ३ हा एक इंची कॉम्पॅक्ट, त्याची लेन्स एफ १.८ ते २.८. हिशेब केला तर हा खिशातला कॅमेरा त्या मिररलेसपेक्षा जवळजवळ दुप्पट उजेड गोळा करतो. हंडा लहान असून! म्हणजे जो माणूस मिररलेस घेतो आणि आयुष्यभर किट लेन्सच लावून ठेवतो, त्याने गळ्यात वजन तेवढं वाढवलं.

पण त्याच मिररलेसवर एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स चढवा. आता हंडाही मोठा आणि तोटीही मोठी. किटच्या एफ ४.५ च्या सहापट उजेड, आणि त्या कॉम्पॅक्टच्याही जवळजवळ तिप्पट. कॉम्पॅक्टला ही सोय नाही. आला तसा तो राहणार.

एवढं उजेडाचं का लावलंय? कारण आपण फोटो कुठं काढणार? गंगापूर रोडच्या लॉनवर नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथं एक बल्ब आहे आणि तोही चुलीच्या धुराने पिवळा पडलाय. रात्री अकराला भीमगीतांच्या कार्यक्रमात. पहाटे चारला, जेव्हा झाडूवाल्या बाया कामाला लागतात. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, ते बघा. गटारात उतरलेला माणूस उन्हात नसतो. २०२७ ला सिंहस्थ आहे. नदीत डुबकी मारणाऱ्या साधूचे फोटो काढायला जगभरचे कॅमेरे गोदाकाठी येतील. आदल्या रात्री घाट कुणी घासला, त्याचा फोटो आपण नाही काढला तर कुणी काढणार नाही. आणि तो फोटो अंधारातला आहे.

कुणी म्हणेल, आजकाल कॅमेऱ्यात हात हलला तरी सावरायची सोय असते. असते. रिकोच्या जीआर ३ मध्ये आहे, फुजीच्या एक्स१००-सहामध्ये आहे. त्याने तुमचा हात सावरतो. समोरच्या ढोलकीवाल्याचा हात सावरत नाही, झाडूही सावरत नाही. हलत्या माणसाला उजेडच लागतो.

अंधाराची परीक्षा घ्यायची तर त्रिरश्मी लेणीवर चला, ज्याला सगळं गाव पांडवलेणी म्हणतं. पायथ्याशी एकीकडं फाळके स्मारक, शेजारी बुद्धस्मारक, वर डोंगरात लेणी. बाहेर ऊन रखरखीत आणि तीन नंबरच्या विहारात शिरलं की काळोख. दारात माणूस उभा करा आणि फोटो काढा. बाहेरचं आकाश धरलं तर माणूस कोळसा होतो, माणूस धरला तर बाहेर पांढरं फटक. दोन्ही थोडं थोडं टिकवण्याची ताकद मोठ्या सेन्सरमध्ये जास्त, हे तिथं डोळ्याने दिसतं. स्टँड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तेव्हा हातातच धरून काढायचा.

आणि एक गोष्ट दोन्ही कॅमेऱ्यांना लागू आहे, ती पाठ करा. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही. समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचं असावं, असं धरून तो उजेड मोजतो. चौदा एप्रिलला समोर काय असतं? पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. तो म्हणतो, फारच पांढरं झालं, करा काळं. आणि त्या पांढऱ्या साडीतल्या आपल्या बाईचा सावळा चेहरा अंधारात जातो. म्हणून अधिक-उणेची जी चकती असते ती अधिक एकच्या बाजूला फिरवायची. काहीत चकती नसते, बटणाने करावं लागतं. घेताना दुकानात हे हात लावून बघा, कारण मिरवणूक चालू असताना मेनूमध्ये शोधत बसलात तर पालखी पुढं जाते.

कॉम्पॅक्टच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर मी एकतर्फी होईन. गोल्फ क्लब मैदानापासून कलेक्टर कचेरीपर्यंतच्या मोर्च्यात मोठा कॅमेरा दिसला की दोन गोष्टी होतात. पुढारी पोज देतो आणि पोलीस विचारतो, कुठल्या पेपरचा? छोटा कॅमेरा काढलेला कळतसुद्धा नाही. फुजी आणि रिकोमध्ये शटर लेन्सच्या आतच असतं, त्याचा आवाज टिचकीएवढा. खेड्यात बहिष्कार पडलेल्या घरी आपण जातो, तिथं भलं थोरलं भिंग रोखलं की घरातली माणसं गप्प होतात. दाइदो मोरियामा हा जपानी फोटोग्राफर, याने रिकोच्या खिशातल्या कॅमेऱ्याने टोकियोच्या गल्ल्या टिपल्या आणि जगात नाव केलं. तेव्हा छोटा म्हणजे पोरखेळ, हे डोक्यातून काढा. एकटा माणूस, एकटाच हिंडणारा, स्वतःचं यंत्र जिवापाड जपणारा असेल, तर त्याला मी डोळे मिटून सांगेन, एपीएस-सीचा कॉम्पॅक्ट घे बाबा.

पण आपण एकटे नाही. आपला कॅमेरा बारा हातांत जाणार. आणि बारा हातांत जाणाऱ्या वस्तूचा विचार पाण्याच्या टँकरसारखा करावा लागतो. नळी फुटली तर बदलता आली पाहिजे.

खिशातल्या बहुतेक कॅमेऱ्यांची लेन्स बटण दाबलं की बाहेर येते, बंद केलं की आत जाते. येता-जाता ती हवा ओढते, हवेबरोबर धूळ. आपल्या गावातली धूळ तुम्हाला माहीत आहे. धुळीचा एक कण सेन्सरवर बसला की प्रत्येक आकाशात काळा ठिपका, आणि तो काढायला कॅमेरा पूर्ण खोलावा लागतो. एकदा पडला, लेन्सची नळी वाकली, की दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस नवीनच घेतो. मिररलेसमध्येही लेन्स बदलताना धूळ बसते, उलट जास्त बसते, कारण सेन्सर उघडा पडतो. पण तिथं रबरी फुंकणीने ती स्वतः उडवता येते. बदलताना बंद करायचा, तोंड खाली, वाऱ्याकडं पाठ. लेन्स फुटली तर लेन्स जाते, बॉडी राहते. शिवाय लग्नाचे फोटो काढणारी आपली पोरं गावोगाव आहेत. त्यांनी जुने एसएलआर सोडले, लेन्स कपाटात पडून आहेत. कॅननच्या जुन्या लेन्स जोडपट्टी लावून नव्या मिररलेसवर चालतात. हा आपला छुपा खजिना आहे, मागून तर बघा.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर पैशाचंही बोलू. मिररलेस महिन्यातून दोन लग्नं मारेल आणि स्वतःची बॅटरी-कार्डं सोडवेल. कॉम्पॅक्टवर लग्नाची ऑर्डर कुणी देत नाही. गिऱ्हाईक कॅमेऱ्याची साइझ बघतं, फोटो नंतर बघतं. वाईट आहे, पण बाजार असा आहे. आणि फुजीचा एक्स१००-सहा तर आपल्या सत्तर हजारांत येतच नाही. २०२४ साली आला तेव्हा जगभर प्रतीक्षायादी लागली होती. गळ्यात घालून मिरवायचा दागिना झालाय तो. यंत्र चांगलं आहे, भाव फॅशनचा आहे.

आता मोबाईलचं दुसरं उत्तर. काही मित्र म्हणतात, कॅमेरा पुराव्यासाठी पाहिजे. पुराव्यासाठी मोबाईल पुरतो! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये झडती-जप्तीचं चित्रण करायला सांगितलंय, आणि शक्यतो मोबाईलनेच करा असं त्यात लिहिलंय. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ मध्ये तर सगळ्या कारवाईचं व्हिडिओ चित्रण झालंच पाहिजे, अशी तरतूद २०१६ पासून आहे. ती मागा, लेखी मागा. पुरावा टिकतो तो सेन्सरच्या मापावर नाही, मूळ वस्तू जपण्यावर. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीचा खटला आठवा. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, यावर वाद आणि पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं चित्रण. १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नक्कल आणली तर कायद्यातला दाखला पाहिजेच. मूळ उपकरणच हजर केलं आणि त्याच्या मालकाने पिंजऱ्यात येऊन सांगितलं तर दाखल्याची गरज नाही. आता नव्या साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ झालंय. दाखल्यात यंत्राचा मेक, मॉडेल, सीरियल नंबर, फाईलचं हॅश मूल्य, सगळं लागतं.

म्हणून कॅमेरा कुठलाही घ्या, बिल पाहिजे. सेकंडहँड घेतला तरी विकणाऱ्याकडून मूळ बिल आणि सही पाहिजे. आपल्या पोराच्या हातात महाग वस्तू दिसली की पहिला संशय चोरीचा येतो, हे कुणाला सांगायची गरज नाही. घड्याळ बरोबर लावा, बॅटरी फार दिवस मेली की काहींचं घड्याळ मागं जातं. महत्त्वाच्या घटनेचं कार्ड पुसू नका, कार्डाच्या कडेची बारीक खिटी खाली ओढून कुलूप लावा आणि पाकिटात तारीख टाकून ठेवा. लहान कार्डं जास्त घ्या, एक मोठं नको.

मग माझा कौल काय? मिररलेस. एपीएस-सीचा, एक-दोन वर्षं वापरलेला, बिलासह. त्यावर २४ ते ३० मिलिमीटरमधली, एफ १.७, १.८ किंवा जमलं तर १.४ ची एक झूम नसलेली लेन्स. ५० ची स्वस्त मिळते, दुकानदार तीच गळ्यात मारेल, पण ती आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत उपयोगाची नाही. भिंतीला पाठ लावली तरी आजीचं नुसतं नाक येतं. किट लेन्स फुकट मिळाली तर घ्या, दिवसा उन्हात चालेल. पाऊस या भावाच्या बहुतेक कॅमेऱ्यांना सोसत नाही, इगतपुरीकडं जाताना दुधाची जाड पिशवी जवळ ठेवा. आणि मोर्च्यात धावपळीला ज्याचा त्याचा मोबाईल आहेच, मात्र ब्यूटी मोड बंद करून.

दुसऱ्या तटाने नाराज होऊ नये. पुढं पैसे जमले आणि सिंहस्थाच्या आधी एखादा वापरलेला जीआर हाती लागला, तर मीच पहिली वर्गणी देईन.

येत्या रविवारी तिघांनी दुकानात जायचं. त्यात एक ताई असावी, कारण पहिले तीन महिने कॅमेरा महिला शाखेकडं राहील असं बैठकीत ठरलंय आणि त्याची पकड तिच्या हाताला बसली पाहिजे. आपलं कार्ड घेऊन जा. दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात एकाला उभं करा, अधिक एकवर फोटो काढा. मग आकाशाकडं, भोक बारीक करून, एफ १६ वर एक काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, भाव पाडा. कार्ड घरी आणा, मोठ्या पडद्यावर बघा. मग सोमवारी पैसे मोजा.